अंगठ्याचा पंचनामा

"मेला? कोनं पाह्यलं?"

आमच्या गावात कुठंही रडारड सुरू झाली की गर्दी सारत आधी हा प्रश्न आत शिरायचा आणि त्याच्यामागून आमचे पोलीस पाटील. गावातल्या मयताची वर्दी ठाण्यात देणं हे त्यांचं काम. खिशातून दाढीचा छोटा आरसा निघायचा आणि नाकासमोर धरला जायचा. काच धुरकटली नाही, तरच गावानं मोठ्यानं रडायचं. तोवरचं रडणं कच्चं.

हसू नका. एकदा एका म्हाताऱ्याची तिरडी बांधून तयार होती. यांनी आरसा धरला, तर काच धुरकटली! "सोडा त्या सुतळ्या, बुढा जिता हाये!" बुढ्यानं त्यानंतर चार पोळे पाहिले आणि दर पोळ्याला पाटलांना शिव्या घातल्या, की सुखानं मरू दिलं नाही.

दूधवाल्यापासून तलाठ्यापर्यंत पाटलांचा सगळ्यांवर संशय. पण तीन उन्हाळ्यांमागे मला त्यांचाच संशय आला. आसेगावच्या रस्त्यावर डांबर पाघळत होतं आणि हे चपलेत मोजे घालून हिंडत होते! वर मोज्यांना अत्तराचा वास. तुम्हीच सांगा, पायाला अत्तर कोण लावतं?

"पाटील, मोजे काढा," मी म्हणालो.

"वारंट आनलं काय, मास्तर?"

शेवटी पाटलीणकाकूंनीच मोजा ओढला. उजव्या पायाचा अंगठा कोळशासारखा काळा. साखरेचा आजार जुना. चप्पल चावली होती, ते यांना कळलंही नव्हतं.

मंगरूळपीरच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गँगरीन आहे, आजोबा."

पाटलांचे कान उभे राहिले. "ग्यांग? कोनाची ग्यांग?"

"टोळी नाही हो. रक्त पोचलं नाही की शरीराचा तेवढा भाग मरतो, त्याला गँगरीन म्हणतात. तुमचा अंगठा मेलाय."

मी डोळे मिटले. आता येणार.

"मेला? कोनं पाह्यलं? मी जिता, अन् माया अंगठा मेला? मालकाच्या आंधी?"

"आज अंगठ्यावर भागेल. थांबलात तर गुडघ्याखालून पाय जाईल. नाहीतर तुम्हीच."

"तुमी लोक कापालेच बसले!" पाटील उठून दाराकडे निघाले. मी बाईंच्या कानाशी लागून पाटलांचं काम काय ते सांगितलं. बाई हुशार. त्यांनी वाद घातला नाही, एक सुई पुढं केली. "घ्या. तुम्हीच करा पंचनामा."

पाटील परत बसले. सुई आधी उजेडात तपासली. मग हाताच्या अंगठ्याला टोचली. "हाय!" सुई खरी होती. मग पायाच्या अंगठ्याला टोचली. काही नाही. पुन्हा टोचली. सवयीनं त्यांनी खिशातला आरसा काढला, अंगठ्याजवळ नेला आणि तसाच परत ठेवला.

"थंडा हाये," ते हळूच म्हणाले. "चार-पाच दिस झाले असतीन. आमाले वर्दीच भेटली नाही."

संमतीच्या कागदावर त्यांनी सही केली. पंच म्हणून मलाही करायला लावली. पाय वाचला. पुढं कुणी तब्येत विचारली की म्हणायचे, "नऊ हजर, एक मयत."

परवा सकाळी त्यांच्या घरातून रडणं ऐकू आलं. मी धावलो. अंगण माणसांनी भरलेलं.

"पाटील गेले," कुणीतरी म्हणालं.

"कोनं पाह्यलं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

कुणी रागावलं नाही. उलट रडणं थांबलं. पाटलीणकाकूंनी त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून तो आरसा काढला आणि माझ्या हातात दिला.

"पाहा, मास्तर," त्या म्हणाल्या. "नीट पाहा. घाई नका करू."