टाकळ्याला आवतण

म्हसवडहून पहाटेची एसटी सुटली तेव्हा गाडीतली सगळी माणसं पेंगत होती आणि मी नेहमीप्रमाणे जागी होते. आई चैत्रात गेली. त्याआधी कितीतरी वर्षं ती अंथरुणाला खिळलेली होती आणि रात्री तिची हाक आली की मी उठायचे. आता हाक येत नाही, पण माझ्या कानांना ते कुणी सांगितलेलं नाही. डोळा लागतो न लागतो तोच मी दचकून उठते. डॉक्टरांच्या गोळ्यांनी गुंगी येते, झोप येत नाही.

"ताई, तू मावळात ये," असं फर्मान धाकट्या बहिणीने, सुनंदाने काढलं. "टाकव्याला माझी मावससासू आहे, झाडपाल्याचं बघते. माझा काडीचा विश्वास नाही तिच्यावर, पण तू ये."

सुनंदा तळेगावात राहते आणि आंबीच्या एका कंपनीत तयार माल तपासते. रोज सकाळी मी चहा उकळायला ठेवला की तिचा फोन येतो, आणि तो संपेपर्यंत चहाचा काढा होतो. बाबा म्हणायचे, ही झोपेतसुद्धा गप्प बसत नाही. ते अगदी खरं आहे. पहिल्या रात्री तिच्या शेजारी मी टक्क जागी पडले होते आणि ती झोपेत कुणालातरी मालाबद्दल झापत होती. मला तिचा हेवा वाटला. हेवा म्हणजे काय, रागच आला.

दुसऱ्या दिवशी तिने मला लोणावळ्याला नेलं. आमच्या माणदेशात हिरवा रंग मापाने मिळतो. इथे भाद्रपदात तो भिंतींवर, कौलांवर, विजेच्या खांबांवरही चढला होता. तुंगार्लीच्या तलावाशी पोचलो तर तलावच नव्हता. धुकं होतं. मग ते जरा सरकलं आणि पाण्याचा एक तुकडा दिसला, मग पलीकडची झाडं, आणि पुन्हा काहीच नाही. मी बराच वेळ तिथे उभी राहिले. सुनंदा बोलत होती, पण तिचा आवाजही धुक्यात भिजून मऊ झाला होता.

परतताना बंगल्यांची फाटकं बघत आलो. एका फाटकावर कॅमेरा होता आणि त्याच्याच खाली लिंबू-मिरची, बिब्बा आणि काळी बाहुली. आमच्याकडे नजर लागू नये म्हणून दारावर कोरफड उलटी टांगतात. तिला माती नाही, पाणी नाही, तरी महिनोन् महिने हिरवी राहते. मी हे सुनंदाला सांगत असतानाच माझ्या चपलेचा अंगठा तुटला. तिने चिक्कीच्या पुड्याच्या दोऱ्याने तो बांधून दिला. तसंच फरफटत आम्ही स्टेशन गाठलं.

शनिवारी दुपारी टाकव्याला गेलो. दोन्ही बाजूंना इंद्रायणी भाताची खाचरं होती आणि भात निसवून लोंब्या बाहेर पडत असल्याने हवेलाच वास येत होता. हौसामावशींचं घर पत्र्याचं, नीटनेटकं. दारात निर्गुडी, रुई, आघाडा. मावशी स्वतः दोन्ही गुडघ्यांना निर्गुडीचा पाला बांधून टीव्हीसमोर बसल्या होत्या.

"ह्याच का तुजी ताई? या, बसा. लय वाळल्या ओ."

सुनंदाने चहा ठेवता ठेवता माझी सगळी कहाणी सांगून टाकली. मावशींनी मला एवढंच विचारलं, "डागदरच्या गोळ्या हायत न्हवं? त्या सोडायच्या न्हाईत. हे वायलं, ते वायलं."

गावातले काही लोक तुम्हाला चेटूक येतं म्हणतात, ते खरं का, असं मी भीत भीत विचारलं.

मावशी खोखो हसल्या. "चेटूक आलं असतं तर पयलं हे गुडघं न्हाई का बरं केलं मी?"

मला त्या मुळी देणार होत्या ती टाकळ्याची. मला वाटलं होतं, काहीतरी दुर्मीळ वनस्पती असेल. टाकळा तर पावसाळ्यात उकिरड्यावरही उगवतो, त्याची भाजी मी दरवर्षी करते. मावशींनी मला अंगणाच्या कडेला नेलं. उन्हं उतरली होती. टाकळ्याची पानं जोडीजोडीने मिटत होती, कुणीतरी हलकेच पुस्तकं बंद करावीत तशी.

"बगा. ह्याला कुनी झोप म्हनत न्हाई, ह्यो आपला झोपतो. ज्याच्याजवळ हाय त्याच्याकडंच मागायचं. मुळी उशाखाली ठिवायची, पोटात न्हाई घ्यायची."

"मग हाच उपटू का?"

"अवं, असा कसा? आवतण (निमंत्रण) द्यावं लागतं त्याला."

"भाजीला खुडतो तेव्हा नाही देत आपण आवतण."

"भाजीला नगं. पोटाला घ्यायला कशाला इचारायचं? पन काम सांगायचं तर मानानं बोलवायला नगं?"

मी शाळेत तीस-बत्तीस वर्षं मराठी शिकवलं, पण खरं सांगायचं तर हे मला पटलंच.

रिवाज असा. नांगर न लागलेल्या माळावरचा टाकळा बघायचा. शनिवारी संध्याकाळी त्याला हळदकुंकू लावायचं, बुडाशी सुपारी आणि अक्षता ठेवायच्या, कुणासाठी आणि कशासाठी न्यायचं ते मोठ्याने सांगायचं. दुसऱ्या दिवशी उजाडताना अनवाणी जाऊन मुळी काढायची. घरातून निघाल्यापासून मुळी हातात येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. बोललं की आवतण मोडलं.

गावामागच्या माळावर आम्ही तिघी गेलो. मावशी वईपाशी (काटेरी कुंपणापाशी) दगडावर बसल्या. मी टाकळ्यासमोर उकिडवी बसले, सुपारी ठेवली, आणि अक्षता उगाच नीट करत राहिले. झाडाशी बोलायचं म्हणजे काय? मागून मावशी म्हणाल्या, "सांगा की. काम कळल्याबिगर यील कसा त्यो?"

"मला झोप येत नाही," मी म्हणाले.

"कशापायी?"

"आई गेली," मी टाकळ्याला सांगितलं, "पण माझे कान अजून तिच्या खोलीत आहेत. तिने हाक मारली आणि मला ऐकू आलं नाही तर, असं वाटतं. मी खूप दमले आहे. माझ्याबरोबर चल."

हे मी कुणालाच बोलले नव्हते. वळून पाहिलं तर सुनंदा मागेच उभी होती. तिने माझा हात धरला आणि घर येईपर्यंत ती चक्क एक वाक्यही बोलली नाही.

उजाडायच्या सुमाराला मावशींनी माझा मोबाइल काढून घेतला आणि माझ्या दातांत गवताची काडी दिली. दाती तृण धरणे हा वाक्प्रचार मी पोरांना वाक्यात उपयोग करायला लावत असे. आता तो माझाच उपयोग करत होता. गाव धुक्यात होतं. पायाखालची माती थंड आणि ओली. मी दोन घरं ओलांडली आणि लक्षात आलं, ही काडी माझ्यासाठी नव्हती, गावासाठी होती.

भांडी घासणाऱ्या एका बाईने मला पाहिलं, काडी पाहिली, आणि पाठ फिरवली. दूधवाल्याने मोटारसायकलचं इंजिन बंद केलं आणि गाडी हाताने ढकलत कडेने नेली. कंपनीच्या बसची वाट बघणारी माणसं काहीतरी हसत बोलत होती, ती मी जवळ येताच गप्प झाली आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघू लागली. एका आईने कडेवरच्या लेकराच्या तोंडावर अलगद हात ठेवला. कुणी विचारलं नाही, कुटं चाललात, कुणाच्या पाव्हण्या. सगळं गाव माझ्यासाठी गप्प राहिलं होतं. मी चालत होते की तरंगत होते, मला कळेना. इतकी अनोळखी माणसं मला सांभाळत होती.

वईपाशी पोचले. पलीकडे सोनकीची पिवळी फुलं दिसत होती आणि त्यांच्यात माझा टाकळा, अजून पानं मिटून. वैरणीचा भारा घेऊन एक माणूस येत होता. त्याने काडी पाहिली, भारा खाली ठेवला, वईतली काटेरी फांदी बाजूला ओढून मला वाट करून दिली आणि तोंड फिरवून उभा राहिला.

"थँक्यू हं, भाऊ," मी म्हणाले.

काडी गळून पडली. तो माणूस वळला. त्याचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त पडला होता.

"आवं ताई," तो हळहळून म्हणाला, "कशाला ओ बोललात!"

मावशींना सांगितलं तेव्हा त्या आधी कपाळावर हात मारून घेऊन मग पोट धरून हसल्या. "आभार मानाया त्वांड उघडलं! मास्तरीनबाई, तुमाला तुमची शाळा नडली." मला मात्र रडू आलं. हसण्यावारी नेण्याइतकी माझ्यात ताकदच नव्हती. पुन्हा आवतण द्यायचं तर पुढचा शनिवार. घरी शेळ्या शेजारणीच्या भरवशावर टाकून आले होते. थांबणं शक्य नव्हतं.

"माझ्या नावाने दुसरं कुणी गेलं तर?"

"चालतं की. रगताचं मानूस पायजे." मावशींनी सुनंदाकडे पाहिलं. "पन हिच्या तोंडाला घालाया कुलूप कुटं मिळंल?"

सुनंदाही हसली. तो विषय तिथेच संपला.

एसटीने मला परत माणदेशात आणून सोडलं. घाट उतरला तसा हिरवा रंग विरळ होत गेला आणि म्हसवड येईपर्यंत तुंगार्लीचं ते धुकं मला खोटं वाटायला लागलं. रात्री तशाच गेल्या. दचकून उठायचं, आईच्या रिकाम्या खोलीचं दार बघायचं, परत पडायचं.

शनिवारी संध्याकाळी सुनंदाचा फोन आला. "ताई, मी टाकव्याला आलेय. उद्या सकाळी माझा फोन येणार नाही." आणि तिने चक्क फोन ठेवला.

रविवारी मी उजाडताच चहा उकळायला ठेवला. फोन वाजला नाही. कप घेऊन ओट्यावर बसले. आता ती निघाली असेल. दातांत काडी, पाय अनवाणी. भांडी घासणारी बाई पाठ फिरवत असेल, दूधवाला इंजिन बंद करत असेल. तो वईजवळचा माणूस असेल का? त्याने वाट करून दिली तर ही गप्प राहील का? माझी सुनंदा, जी झोपेतसुद्धा गप्प बसत नाही, ती या घडीला माझ्यासाठी तोंड मिटून धुक्यातून चालली आहे. मला तिची इतकी माया आली की मी भिंतीला डोकं टेकवलं.

फोनच्या आवाजाने जाग आली. ऊन ओट्यावरून माझ्या मांडीवर आलं होतं आणि कपातल्या चहावर साय धरली होती.

"ताई! नाही बोलले गं! एक अक्षर नाही! तो वईजवळचा भाऊ होता ना, त्याने वाट दिली, मी नुसती मान हलवली. मुळी मिळाली, पंजात मावेल एवढी आहे, उद्याच पाठवते. आणि काल टाकळ्याला मी सगळं सांगितलं, आई तुला कशी हाका मारायची, तू कशी उठायचीस, आणि मी तिथे नव्हते तेही सांगितलं, आणि त्याला म्हटलं, आता हिला झोपू दे बाबा..."

मुळी अजून टाकव्यातच होती आणि मी झोपून उठले होते. हे तिला सांगायला मी दोनतीनदा तोंड उघडलं, पण मध्ये शिरायला तिने जागाच ठेवली नाही. मग मी पुन्हा भिंतीला टेकले आणि ऐकत राहिले.