डाव्या मनगटातली थरथर

वालचंदनगरच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी फिटर म्हणून गेली. चालू यंत्रावर तळहात टेकवला की आत काय बिघडलंय ते मला कळायचं. निवृत्तीनंतर हे कसब बायकोच्या मनगटावर वापरावं लागेल, असं वाटलं नव्हतं.

तिच्या किडन्या गेल्या. एक दिवसाआड डायलिसिस, तेही बारामतीला. सुया टोचायला शीर दणकट लागते, म्हणून सर्जननी डाव्या मनगटाजवळ तिच्या रोहिणी आणि नीला या दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या. या जोडाला फिस्टुला म्हणतात. त्यातून रक्त जोरात वाहिलं की शीर जाड होते आणि बोटाला थरथर लागते. उजव्या हाताच्या शिरा सलाइन लावून लावून आधीच खराब झालेल्या. म्हणजे जे काही होतं ते या हातावर. त्यावर वजन नको, घड्याळ नको, बांगडी नको, असं त्यांनी बजावलं होतं. रोज सकाळी चहाआधी मी बोट ठेवायचो आणि ती माझ्या तोंडाकडे बघत बसायची. मी मुद्दाम कपाळाला आठ्या घालायचो, मग शिव्या खायचो.

नरसिंहपूरला तिच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी सकाळी डायलिसिस उरकून मी तिला माहेरी सोडलं. लग्नघरात कासारीण साऱ्या सवाष्णींना हिरव्या बांगड्या भरत होती. हिनं आधी फक्त उजवा हात पुढं केला. त्यावर कुणी म्हातारी म्हणाली, नवरा धडधाकट असताना डावा हात बोडका ठेवून नवरीला हळद लावणार का? हिनं डावाही दिला. कासारणीनं चांगल्या घट्ट बसवल्या. सैल बांगडी भरली तर तिला कमीपणा.

संध्याकाळपर्यंत हात सुजला आणि थरथर थांबली. हिला ते कळलं होतं. पण बांगड्या निघेनात, फोडाव्याच लागल्या असत्या, आणि भरल्या लग्नघरात सवाष्णीनं बांगड्या फोडायच्या म्हणजे अशुभ. हिनं हात पदराखाली घेतला. दुसऱ्या दिवशी मी लग्नाला गेलो तर मला पंगतीत आग्रह करून वाढत होती, उजव्या हातानं. वऱ्हाड नवरीला घेऊन निघून गेल्यावर तिनं मला सांगितलं.

मला संताप आला. तसाच तिला घेऊन मी बारामती गाठली. सर्जन म्हणाले, आत रक्ताची गाठ झालीय. टोकाला फुगा असलेली बारीक नळी घालून ती ओढून काढता येते, पण जितका उशीर तितकी आशा कमी. आधी बांगड्या काढा. सिस्टर पुढं आली तशी हिनं हात छातीशी धरला.

"तुमच्या नावाचा चुडा हाय," ती मला म्हणाली. "तुमी समोर उभं ऱ्हायलाय, आन् मी त्यो फोडू देऊ?"

"मग मीच फोडतो," मी म्हणालो.

तिच्या मनगटाभोवती रुमाल धरून मी एकेक बांगडी फोडली. ती भिंतीकडे तोंड करून रडत होती.

गाठ निघाली, पण शीर पुन्हा मिटली. मग त्याच हाताला कोपराच्या वर नवा जोड केला. तो तयार होईपर्यंत डायलिसिससाठी तिच्या मानेत नळी आहे आणि त्या नळीतून जंतू रक्तात जाण्याचा धाक आहे. हाही जोड बंद पडला तर पुढं अवघड आहे, असं सर्जननी मला बाजूला घेऊन सांगितलं. तिला मी ते सांगितलेलं नाही.

आता मी सकाळी कोपराच्या वर बोट ठेवतो. थरथर लागते, पण मंद. आठ्या घालायची थट्टा मी बंद केलीय. ती विचारते, "हाय का?" मी "आहे" म्हणतो. मग ती उजव्या हातातल्या हिरव्या बांगड्या सारख्या करते, माझ्या आयुष्यासाठी. मी ठणठणीत आहे. काळजी तिची आहे, आणि तिच्यासाठी हातात घालावं असं माझ्याकडे काहीच नाही.