अस्तर लागेल का?

शिंपीणबाईंना कुणी मार्गदर्शक म्हटलं की हसू यायचं. "अहो, चार गल्ल्या ओलांडल्या की मला रस्ता सापडत नाही, मी कुणाला मार्ग दाखवू?" पण वाट चुकलेल्या पोरांना आठवड्यातून दोन दुपारी सोबत करणाऱ्या संस्थेनं त्यांच्या गळ्यात तसं ओळखपत्र अडकवलं होतं. नवरा गेला, लेक लग्न होऊन लांब गेली आणि तीस वर्षं मशीन चालवलेल्या बाईला घर खायला उठलं, म्हणून त्या या फंदात पडल्या. गोड बोलणं त्यांच्या बापजन्मात जमलं नव्हतं.

त्यांच्या वाट्याला आली सतरा वर्षांची एक मुलगी. थोरला भाऊ तिच्या हातून नशेच्या पुड्या पोचवायचा. एकदा ती पकडली गेली. पुन्हा पुडीसकट सापडली तर सरळ सुधारगृहात, असं न्यायालयानं बजावलं होतं. तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी बाईंच्या ऑफिसात जाऊन तिला अधूनमधून सही करावी लागायची. बाईंनी उपदेश केला नाही, आपल्या दुकानात काजं करायला बसवलं. पहिल्या दिवसाचं काम बघून म्हणाल्या, "ही काजं आहेत की उंदरानं कुरतडलंय?" पोरगी पहिल्यांदा हसली.

दुकानात एक परवलीचा शब्द होता. एखादं चिकट गिऱ्हाईक मागे उभं राहून कान टवकारू लागलं, की बाई म्हणायच्या, "याला अस्तर लागेल गं." म्हणजे कुणीतरी ऐकतंय, जपून बोल. पोरीला या शब्दाची भारी गंमत वाटायची.

त्या गुरुवारी तीन वाजून गेले तरी ती आली नाही. बाईंसमोर शाळेच्या गणवेशांचा ढीग आणि डोकं फिरलेलं. साडेतीनला फोन वाजला.

"मावशी, त्या फ्रॉकला अस्तर लागेल का हो?"

"एवढ्या उकाड्यात कशाला अस्तर? बिनअस्तराचाच शिव," बाई खेकसल्या आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

चार टाके पडले असतील नसतील, बाईंचा पाय थबकला. कुठला फ्रॉक? काजा-बटणांपलीकडे पोरीनं कशाला हात लावला नव्हता! तिनं हाक मारली होती आणि आपण तिला उकाडा सांगत बसलो.

दुकान उघडंच टाकून त्या धावल्या. टेप गळ्यातच राहिली. पोरीच्या घराचा जिना त्यांनी न थांबता चढला. दार अर्धवट उघडं होतं. भाऊ चपला घालून पलंगावर बसलेला. पोरगी भिंतीला टेकून उभी, खांद्याला भरलेली पिशवी, चेहरा पांढराफटक.

"काय हो मावशी?" भाऊ म्हणाला. "फ्रॉकचं विचारायचं म्हणाली, तेवढा फोन करू दिला ना मी."

"ऑफिसच्या बाईंनी हिला बोलावलंय. सही राहिलीय," बाईंनी धडधडीत थाप मारली. "नाही गेली तर त्या इथंच येतील, पोलिसांना घेऊन."

त्यानं बाईंकडे टक लावून पाहिलं. मग पोरीच्या खांद्यावरची पिशवी काढली आणि पलंगाखाली सारली.

"चला. मीही येतो."

बोलावलं होतं कुणी? रस्ताभर तो दोन पावलं मागे, चपला फटफट वाजवत. ऑफिसातल्या बाई जागेवर नसल्या तर? मागे वळून बघायची छाती होईना.

"मावशी," पोरगी ओठ न हलवता म्हणाली, "बिनअस्तराचा म्हणालात तेव्हा वाटलं, संपलं सगळं."

"चुकलं गं माझं."

ऑफिसच्या फाटकाशी पोलीस बसला होता. तो दिसताच भाऊ थांबला. बाईंच्या कानाशी वाकून हसत म्हणाला, "तुमचं दुकान पाण्याच्या टाकीमागेच ना? एकट्याच असता?"

बाईंनी गळ्यातली टेप सरळ केली. "हो. नऊ ते सात उघडं असतं."

भाऊ बाहेरच राहिला; आत जाऊन त्या बाकावर कोसळल्याच. ऑफिसातल्या बाईंनी मान वर केली. "आज कशा काय? मी तर बोलावलं नव्हतं."

शिंपीणबाईंनी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात पोरीनं खुर्ची ओढली आणि ती टेबलासमोर बसली.

"आमच्या घरी पलंगाखाली एक पिशवी आहे," ती म्हणाली. "माझ्या भावाची. लिहून घ्या."