हुंकार

आई मटार सोलत होती आणि परवा बाथरूममध्ये चक्कर आली ते सांगत होती. मी मोबाइलमध्ये डोकं घालून "हं, हं" म्हणत होते. मध्येच तिचे हात थांबायचे, ती माझ्याकडे बघायची. मी "हं" म्हटलं की पुन्हा बोलायला लागायची.

लहानपणी दिवा मालवून ती गोष्ट सांगायची, तेव्हा हुंकार द्यायचा असा नियमच होता. अंधारात डोळे दिसत नसत, म्हणून तेवढ्यावर भागायचं. हुंकार थांबला की ती विचारायची, "झोपलीस का गं?"

आता लख्ख दुपार होती, आणि तिला फक्त माझा भांग दिसत होता.

"झोपलीस का गं?" आईने विचारलं.

"हं," मी म्हणाले, आणि मग तिचा प्रश्न मला ऐकू आला. मान वर करायची लाज वाटली.