जलाल पिंजाऱ्याचा निळा पंप

जलाल, आता तू मधे तोंड घालणार नाहीस, तेव्हा नीट ऐक.

भोरात तुझ्याइतका तापट पिंजारी दुसरा नव्हता. दुकानाचं शटर अडकलं की पहारीचा तडाखा. कापूस पिंजायचं यंत्र थांबलं की पत्र्यावर लाकडी मोगरी. आणि ते चालूही व्हायचं, तिथंच घोटाळा झाला. मारलं की चालतं, हे तुझ्या डोक्यात पक्कं बसलं.

दमा कापसाच्या धुळीनं दिला. निळा पंप डॉक्टरांनी दिला, अडीनडीला. तू तो विडीसारखा ओढायला लागलास. मी जन्मभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, शेजारी राहून गप्प बसणं मला जमेना.

"श्वासनळीच्या पेशींवर रिसेप्टर असतात," मी म्हटलं. "दारं समज. औषध कडी वाजवतं, आत जी-प्रोटीन निरोप घेऊन पळतं, नळी सैल पडते. पण कडी सारखी वाजली की पेशी वैतागते. दारावर खूण करते, अॅरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन आतून अडसर घालतं. मग ती दारच आत ओढून घेते. उसंत मिळाली तर परत लावते, नाही मिळाली तर मोडून टाकते."

"दार उघडंना तर लाथ घालायची, बाई."

"लाथांनीच ती बंद होतायत, गाढवा."

तू हसलास, खोकलास, पुन्हा पंप ओढलास.

रोज ओढायला डॉक्टरांनी दिलेलं तपकिरी यंत्र वेगळं होतं. कॅप्सूलमधली पूड आत घ्यायची. सूज उतरते, पेशी नवी दारं बनवते. तू काय केलंस? त्याच्यापुढे कापसाचा पुंजका धरलास. निळ्या पंपानं पुंजका उडाला, तपकिरीनं हललाही नाही. "यात हवाच न्हाई," म्हणून गटारात फेकून दिलंस. अरे, ती पूड आपल्या श्वासानं आत जाते, स्वतःहून उडत नाही. पण पिंजाऱ्याला पुंजका सांगेल तेच खरं.

मंगळवारी सकाळी दुकानात दम लागला. पंप ओढलास, पुन्हा ओढलास, छाती ढिम्म. तुझ्या बायकोचा, बद्रुन्निसाचा भाऊ इरशाद पंप धरून म्हणाला, "दाजी, बास. दवाखान्यात चला." तू मोगरी उचललीस आणि त्याच्या तोंडावर हाणलीस. दात पडला, पांढऱ्या कापसावर रक्ताची चिळकांडी उडाली. हातातनं पंप ओढून घेऊन तू पुन्हा तोंडात दाबलास. मग हवेसाठी शटरवर लाथा, लाथांमागून लाथा, पत्रा वाकेपर्यंत. बद्रुन्निसा कमरेला लटकली तर तिला भिंतीवर झुगारलंस. तिचा खांदा निखळला. तुझे ओठ जांभळे पडले होते.

ज्या इरशादचं तोंड फोडलंस, त्यानंच तुला उचलून टेम्पोत घातलं आणि मोठ्या दवाखान्याकडे टेम्पो पळवला. मी पुढे बसले. मागे तू हौद्याच्या पत्र्यावर टाचा आपटत होतास. नसरापूरच्या अलीकडे आवाज थांबला.

"बाई, थांबू का?" इरशादनं रक्त थुंकत विचारलं.

"थांबू नकोस."

नसरापूरचं औषधांचं दुकान उघडं होतं. नवं तपकिरी यंत्र मी तिथं तुझ्या नावानं ठेवायला सांगितलं होतं. गुरुवारी आपण दोघांनी एसटीनं जायचं, दुकानाच्या पायरीवर बसून मी तुला ते ओढायला शिकवायचं, असं ठरलं होतं. टेम्पो त्या पायरीसमोरून पुढे गेला. यंत्र अजून तिथंच आहे.