प्रेक्षक गॅलरीतली एक प्रवासी

धम्मपाल तांब्यांच्या घरात साधा प्रश्न कुणी कुणाला विचारत नसे. तुमच्याआमच्या घरात "चहा झाला का?" म्हणतात. तांब्यांच्या घरात ते असं व्हायचं: "चहा उकळून तयार आहे, हे खरे आहे काय; असल्यास, तो अद्याप कपात न येण्याची कारणे काय आहेत?"

धम्मपालची बायको रश्मी गिरगावातल्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर. सकाळी तिला केस विंचरायला वेळ नसायचा. ती म्हणायची, "कारणं गेली खड्ड्यात, ओतून घ्या हाताने." उत्तर यायचं ते खाटेवरून, धम्मपालच्या आईचं. कमलाबाई पाय खाली सोडून, पदर सावरून, मंत्र्याच्या थाटात सांगायच्या, "अंशतः खरे आहे. चहा खाली आला आहे, पण ओट्यावर."

हा सगळा विधानभवनाचा प्रताप. धम्मपाल तिथे प्रेक्षक गॅलरीवर शिपाई होता. खाली आमदार "हे खरे आहे काय" असं विचारणार आणि मंत्री "होय, हे खरे आहे", "हे खरे नाही", "अंशतः खरे आहे" किंवा, अगदीच जिवावर आलं तर, "प्रश्न उद्भवत नाही" असं सांगणार. इतकी वर्षं हे ऐकल्यावर माणूस दुसरं काय बोलणार? कीर्तनकाराच्या घरातला पोपट अभंग म्हणतो, तशा कमलाबाई उत्तरं द्यायच्या. आणि द्यायच्या त्या खणखणीत आवाजात. उमेदीची सगळी वर्षं गिरणीच्या वाइंडिंग खात्यात गेली, तिथे यंत्रांच्या आवाजात शेजारणीशी कुजबुजायचं तरी ओरडावं लागे. हळू बोलायची सवय त्यांना लागलीच नाही. त्यांनी गुपित म्हणून काही सांगितलं की नायगावच्या बीडीडी चाळीचे चारही मजले ते गुपित ठेवायचे.

गॅलरीत मात्र धम्मपालचं राज्य शांततेचं. "खाली वाकून बघू नका. पायावर पाय टाकू नका. टाळ्या नकोत, खाणाखुणा नकोत, डुलक्या नकोत." एकदा एका आमदाराच्या कोटीवर एक गृहस्थ खो खो हसले, तर धम्मपालने त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. "अहो पण विनोद चांगला होता!" गृहस्थ म्हणाले. "असेल. सभागृहाच्या विनोदाला सभागृहानेच हसायचं असतं," धम्मपाल म्हणाला. नियम सासऱ्यालाही तोच, असं तो अभिमानाने सांगायचा. सासरा हयात नव्हता, म्हणून ते सोपं होतं.

तर प्रश्न होता बसचा.

नायगावच्या चाळींपासून परळच्या हॉस्पिटलच्या दारात सोडणारी एक छोटी बस होती. पुनर्विकासात अर्ध्या चाळी पडल्या, रस्त्याला पत्रे लागले, पत्र्यांमागे टॉवर चढू लागले आणि त्या गडबडीत बस कधी यायची, कधी यायची नाही. बंद झाली असती तर निदान मोर्चा तरी काढता आला असता. ही बंदही होईना आणि येईही ना. टॅक्सीवाले नायगाव ते परळ एवढंसं भाडं ऐकलं की मान अशी फिरवत, जणू आपण त्यांची किडनी मागितली.

आणि इथे तर खरोखरच किडनीचा मामला होता. कमलाबाईंचं डायलिसिस सोमवारी आणि गुरुवारी. अधिवेशन सुरू झालं की धम्मपालला रजा नाही, रश्मीचा दवाखाना सकाळचा. "मी काय पाळण्यातली आहे? बस पकडते आणि जाते," कमलाबाई म्हणायच्या. संध्याकाळी धम्मपाल विचारायचा, "आई हॉस्पिटलात जाऊन आली, हे खरे आहे काय?" "होय, हे खरे आहे." दंडावर कापसाची पट्टी असायची. या सोमवारीही होती.

समोरच्या खोलीतल्या सुभद्राकाकूंनी मग आमदाराचं डोकं खाऊन खाऊन बसवर प्रश्न टाकायला लावला. प्रश्न मंजूर झाला तेव्हा चाळीत पेढे वाटले गेले. धम्मपालने पेढा घेतला आणि तो बराच वेळ हातातच धरून बसला.

"काय हो तांबेसाहेब, शुगर आहे का?" काकूंनी टोमणा मारला.

"काकू, पेढे उत्तरानंतर वाटायचे असतात."

त्याला धास्ती होती. प्रश्नांना तास एकच. रोज पहिले चार-पाच प्रश्न होतात, बाकीच्यांची उत्तरं नुसती छापील पडून राहतात. चाळीचा प्रश्न आठवा. पुकारला गेला तर आमदार उभा राहणार, मंत्र्याला घेरणार. मंत्री "करू" म्हणाला की ते आश्वासन, त्याचा पाठपुरावा होतो. "तपासून पाहू" म्हणाला की बस गेली. एका क्रियापदावर आईचं सगळं लटकलेलं, आणि ते क्रियापद दुसऱ्याच्या तोंडात.

बुधवारी सकाळी तो कामाला निघाला तेव्हा स्टॉपच्या खांबावरची पाटी गायब होती. नुसता खांब. त्याने परत येऊन आईला सांगितलं.

"रंगवायला नेली असेल," कमलाबाई म्हणाल्या. "आज प्रश्न आहे ना." पण त्याच्याकडे न बघता म्हणाल्या.

विधानभवनात पोचल्यावर त्याची धास्ती आणखीच वाढली. कँटीनमध्ये उसळ तशीच राहिलेली. लॉबीत कुणी कुणाच्या पाठीवर थाप मारत नव्हतं. विरोधी बाजूचे आमदार वेळेआधी येऊन आपापल्या जागी बसलेले, हात मांडीवर, फोटोला बसल्यासारखे. गोंधळाची धम्मपालला कधी भीती वाटली नव्हती. गोंधळ म्हणजे तब्येत ठणठणीत. रडणारं पोर एकाएकी गप्प झालं की आई हातातलं काम टाकून धावते, तसा तो दाराकडे गेला.

"काय शिजतंय?" त्याने दारावरच्या मार्शलला विचारलं.

"बाराला विरोधकांचा काहीतरी गोंधळ ठरलाय म्हणतात. तोवर सगळे शहाण्यासारखे बसणार. तुझी गॅलरी सांभाळ."

सुभद्राकाकू आणि कमलाबाई आमदाराच्या ऑफिसच्या गाडीतून आल्या. काकूंनी लग्नातली पैठणी नेसली होती. कमलाबाई पांढऱ्या साडीत, जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबत होत्या. दम लागला होता, तो लपवायला कठड्याचं नक्षीकाम बघितल्यासारखं करत होत्या. धम्मपालने बघितलं तर पायात रश्मीच्या रबरी स्लिपर.

"तुझ्या चपला?"

"चावतात."

पावलं पावासारखी फुगली होती. तो त्यांना बाकावर बसवायच्या निमित्ताने वाकला आणि कानाशी म्हणाला, "सोमवारी हॉस्पिटलात गेली होतीस ना?"

"होय, हे खरे आहे," कमलाबाई म्हणाल्या. तिसऱ्या रांगेतल्या शाळेच्या सहलीने वळून बघितलं.

"हळू! आणि हे बघ, इथे काहीही झालं तरी बोलायचं नाही. चांगलं झालं तरी नाही, वाईट झालं तरी नाही."

"मग माणसं इथे कशाला बोलवतात?"

"ऐकायला."

"ते आम्ही घरी करतोच की," सुभद्राकाकू म्हणाल्या.

अकराला घंटा झाली आणि प्रश्न जे सुटले, की धम्मपालची नजर घड्याळावरून हलेना. एरवी पहिल्याच प्रश्नाला निम्मा तास जातो. आज एकेक उपप्रश्न, एकेक उत्तर, की पुढे. घाटातल्या रस्त्यावर प्रश्न झाला, रिक्षांच्या मीटरवर झाला, एस.टी.च्या गळक्या गाड्यांवर झाला. कुणी कुणाला अडवेना. सभागृह एवढं शांत की पंख्याची कुरकुर वरपर्यंत येत होती. सुभद्राकाकू खूश होऊन त्याला डोळ्यांनी खुणावत होत्या. बघ, येतोय आपला! त्याला मात्र कुणीतरी मुद्दाम वाट मोकळी करून देतंय असं वाटत होतं, आणि असली मोकळी वाट त्याला कधीच आवडली नव्हती.

घड्याळाचे काटे बाराशी चिकटायला आले असताना अध्यक्षांनी आठवा प्रश्न पुकारला.

आमदार उभा राहिला. नायगाव ते परळ ही बस बंद झाल्याने वृद्ध व रुग्णांचे हाल होत आहेत, हे खरे आहे काय? कमलाबाईंनी मान डोलावली. धम्मपालने लांबूनच हाताने "नको" केलं.

मंत्र्यांनी चष्मा लावला. आवाज गोड होता, पेढ्यासारखाच. "अध्यक्ष महाराज, हे खरे नाही. सदर मार्ग बंद करण्यात आलेला नाही. नेमलेल्या एजन्सीने केलेल्या पाहणीत सदर मार्गावर प्रवासी आढळून आले नाहीत. तथापि..."

तथापि! धम्मपालचा जीव त्या शब्दावर जाऊन बसला. मंत्र्याच्या उत्तरात गरिबाला जे काही मिळतं ते या 'तथापि'च्या पलीकडे असतं, हे त्याने इतकी वर्षं पाहिलं होतं. मंत्र्यांनी कागद उलटला.

आणि त्या शांततेत, वाइंडिंग खात्यातला आवाज उठला.

"हे खरे नाही!"

कमलाबाई उभ्या होत्या. दोन्ही हात पुढच्या कठड्यावर.

"प्रवासी नाहीत कसे? मी आहे ना! सोमवारी ऊन डोक्यावर येईपर्यंत उभी होते मी तिथे!"

एरवीच्या गोंधळात हा आवाज कुणाच्या कानावरही गेला नसता. आज तो भिंतींना लागून परत आला. क्षणभर सगळं सभागृह मान वर करून बघत राहिलं. मग सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं एकदम फुटलं. "ही बाई कुणी आणून बसवली?" इकडून. "म्हातारीला उत्तर द्या!" तिकडून. बाराला व्हायचं होतं ते आधीच झालं. कागद उडाले, माणसं पुढे धावली.

"गॅलरीतील उद्गार कामकाजात नोंदले जाणार नाहीत," अध्यक्ष उभे राहून सांगत होते. "शिपाई! त्यांना बाहेर न्या!"

शिपाई म्हणजे धम्मपाल. असंख्य लोकांना दंडाला धरून नेणारा त्याचा हात पुढे झाला आणि अर्ध्यावर थांबला. दंडाला धरायचं कसं? तिथे सुईचे वण होते. त्याने आईचा तळवा धरला. तोही फुगलेला, बोटाने दाबला तिथे खळगा पडून राहिला.

"चल, आई."

"अरे, पण त्यांचं पुरं झालं नाही. काहीतरी सांगत होते ते."

"चल."

सुभद्राकाकू पैठणीत आवळून बसल्यासारख्या झाल्या होत्या. दाराशी मार्शल खालच्या आवाजात म्हणाला, "तांबे, लेखी खुलासा मागतील." धम्मपालने मान हलवली. मागे घंटा वाजली. तास संपला. 'तथापि'च्या पुढे काय होतं ते मंत्र्यांच्या कागदातच राहिलं. कदाचित 'करू' असेल, कदाचित 'तपासून पाहू'. धम्मपालला ते आता कधीच कळणार नव्हतं, आणि विचारायची त्याला भीतीच वाटली असती.

जिन्याच्या मधल्या टप्प्यावर कमलाबाई थांबल्या. भिंतीला टेकल्या. श्वास शिट्टीसारखा येत होता.

"मी बोलले ते लिहिलं का रे त्यांनी?"

"नाही."

"मग प्रवासी नाहीतच, असंच राहिलं?"

धम्मपाल त्यांच्याकडे बघत होता. ऊन डोक्यावर येईपर्यंत उभी होते, असं ती म्हणाली होती. डायलिसिसला बसलेली बाई त्या वेळी स्टॉपवर कशी असेल?

"आई," तो म्हणाला. एवढ्या वर्षांच्या सवयीने शब्द आपोआप त्याच ठरलेल्या सुरात आले, आणि या वेळी त्याला ते नको होते. "सोमवारी तू हॉस्पिटलात गेली होतीस, हे खरे आहे काय?"

कमलाबाईंनी पदर सावरला. नजर पायांतल्या दुसऱ्याच्या स्लिपरवर होती.

"अंशतः खरे आहे," त्या म्हणाल्या. "स्टॉपपर्यंत गेले होते."

"आणि पट्टी?"

"घरात होती. जुन्या कापसाची." मग त्याची समजूत घालावी तशा म्हणाल्या, "तुझं अधिवेशन चाललं होतं ना, धम्मा. म्हटलं, कशाला."

वरून सभागृहाचा गलका जिन्यात उतरत होता. कुणीतरी त्याचं नाव घेऊन हाक मारत होतं. त्याने ती हाक ऐकली आणि आईच्या काखेत हात घालून तिला खाली उतरवायला सुरुवात केली. फाटकाबाहेर टॅक्सी मिळाली. इथून परळचं भाडं मोठं, म्हणून टॅक्सीवाल्याने मान फिरवली नाही.

"हॉस्पिटल. जल्दी."

कमलाबाईंनी डोकं त्याच्या खांद्यावर टाकलं. भरदुपारी त्यांना झोप येत होती, आणि ती झोप धम्मपालला अजिबात आवडत नव्हती. त्यांना जागं ठेवायला काहीतरी विचारायला हवं होतं. त्याला एकच सुचत होतं.

"आई. आणि गेल्या गुरुवारी?"

टॅक्सी वळली. सिग्नल हिरवा होता.

"आई?"

खांद्यावरचं डोकं एकदम जड झालं; त्याने तळवा घट्ट दाबला, पण कमलाबाईंच्या बोटांनी परत दाबलं नाही.