पुढे केलेलं मनगट

बाबा डॉक्टरांसमोर बसले की काही सांगत नसत. उजवं मनगट टेबलावर ठेवत आणि गप्प राहत. तुमसरच्या आमच्या जुन्या खाजगी डॉक्टरांकडे हे कितीतरी वर्षं असंच चाललं. डॉक्टर नाडीवर बोटं ठेवत, थोडा वेळ थांबत आणि विचारत, "तलावाची पाळ चढताना छातीत दाटून येतं ना?" बाबांचा चेहरा खुलायचा. बाहेर आल्यावर म्हणायचे, "पाहिलं? आपणच सांगाचं तं डाक्टर कायले?"

जन्मभर त्यांनी गावच्या तलावात मासेमारी केली; रोज पाळ, म्हणजे तलावाचा उंच मातीचा बांध, चढून जायचे. डॉक्टरांकडे जाताना ते पळसाच्या पानात बांधून झिंगे न्यायचे.

मग डॉक्टरांची नजर अधू झाली आणि त्यांनी दवाखाना बंद केला. सरकारी रुग्णालयात जा, आता तिथे सगळ्यांना सगळं मोफत आहे, असं त्यांनीच सांगितलं. मलाही ते पटलं. मी वाचनालयात काम करते, या विषयावर बरंच वाचलं होतं. बाबांना तासभर बसवून समजावलं की दवाखाना आता कुणाच्या ओळखीवर चालणार नाही. त्यांना ती गोष्ट चांगली वाटली की वाईट, हे मी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी दोन तास रांगेत उभे राहून आत गेलो. डॉक्टर तरुण होत्या, आवाज मऊ होता. "काय त्रास आहे, बाबा?" बाबांनी मनगट पुढे केलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला.

"आणखी काही?"

"बरं हाय."

मला राहवलं नाही. "मॅडम, यांना पाळ चढताना मध्येच बसावं लागतं. छाती दाबून धरतात."

बाबा हसले. "हिचं आयकू नका, मॅडम. पुस्तकं वाचून वाचून भेते हे. पाळीवर मी बिडी प्यासाठी बसतो."

"मग बिडी सोडा," डॉक्टर म्हणाल्या. त्याही हसल्या. मागची बाई तोवर स्टुलाजवळ येऊन उभी राहिली होती.

दुसऱ्या खेपेला वेगळे डॉक्टर होते, तिसऱ्या खेपेला आणखी वेगळे. कुणी वाईट वागलं नाही. बाबा दर वेळी मनगट पुढे करायचे आणि दर वेळी दंडाला पट्टा बसायचा. तिसऱ्यांदा त्यांनी झिंगेही नेले होते. दारावरच्या सिस्टर म्हणाल्या, "बाबा, इथं हे चालत नाही." परतताना एसटीत ते पुडकं मांडीवर घेऊन बसले. "मासे घेत नाहीत, नाडी धरत नाहीत," ते म्हणाले, "मंग वळख कशी होईन?" मी खिडकीबाहेर पाहत राहिले. पहिल्या खेपेनंतर डॉक्टरांपुढे त्यांच्या तोंडावर बोलायचं मी सोडलं होतं.

महिन्याभराने बाबा सकाळी जाळं घेऊन निघाले आणि पाळीवर अर्ध्यात बसले. ते पुन्हा उठले नाहीत.

तेरवीनंतर आई माझ्याजवळ येऊन बसली. पदराचा काठ बोटाला गुंडाळत म्हणाली,

"त्या जुन्या डाक्टरले नाडीतलं काही समजत नव्हतं, बाई. बाजाराच्या दिवशी मी पहिलेच जाऊन सांगून ठेवत होती. कुठं दुखते, किती जेवले, सारं. तुह्या बाबाले माहीत नव्हतं."

मी तिच्याकडे वळून बसले.

"सरकारी दवाखान्यातबी गेली होती एक डाव. खिडकीवालीनं विचारलं, पेशंट कुठं हाय? म्हटलं, घरी हाय. तं म्हणे, घेऊन या. डाक्टरबी रोज नवा. कोणाले सांगू?"

"मले काहून नाही सांगितलं, आई?"

"तू त्यायच्या तोंडावर बोलली असती."

बोललेच होते. आईला ते माहीत नव्हतं.

तिने पेटीतून तिन्ही केसपेपर काढले आणि माझ्यापुढे ठेवले. "पाह्य बरं, यात काय लिवलं हाय."

तीन वेगळ्या अक्षरांत, इंग्रजीत, एकच ओळ होती. मी ती तिला मराठीत वाचून दाखवली. विशेष तक्रार नाही.

"हो," आई म्हणाली, "तेच सांगितलं असन तुह्या बाबानं." आणि कागद होते तसे घडी करून पेटीत ठेवले.